नामकोळी

मी चेन्नई बघून आलो त्याला आता तीन-चार महिने झाले. गिरणीवर दळण घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘समुद्र कसा आहे?’ समुद्र ओला आहे. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि पट्टा चालू असताना ओरडून सांगायचं तर घसा माझा बसतो. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. शिक्षण चौथीपर्यंत झालंय. ज्याला शुद्धलेखन हवं असेल त्यानं शाळेत जावं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. निघालो तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. दोन वर्षं डोळ्यांपुढं सारखं पीठ उडाल्यासारखं व्हायचं. गिरणीवाल्याच्या डोळ्यांपुढं पीठ उडणारच, त्याचा बोभाटा कशाला, म्हणून मी कुणाला बोललो नाही. दगडाला टाकी लावताना हातानं चाचपायचो. पीठ बारीक आलं की जाडं, ते चिमटीत धरून सांगायचो. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचो. भीती एकच होती. मुलाला, सुनीलला, कळलं असतं तर त्यानं गिरणी विकायला लावून मला कायमचं चेन्नईला नेऊन बसवलं असतं. त्याची आई गेल्यापासून तो निमित्तच शोधत होता. म्हणून दोन महिने त्याच्याकडं राहायला गेलो ते डोळस माणसासारखं वागायचं असं ठरवूनच. गिरणी पुतण्याच्या हवाली केली. तो दळतो की भरडतो, ते मी आल्यावर लोकांनीच सांगितलं.

वेळचेरी

सुनीलचं घर वेळचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहे. हे गावाचं नाव म्हणायला शिकेपर्यंत माझा निम्मा मुक्काम संपला. तिथं मोटारीचा एक वाटीएवढा भाग बनवतात आणि त्या वाटीसाठी माणसं पहाट फुटायच्या आत बसमध्ये बसून जातात. सूनबाई पद्मिनी शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या हापिसात. ती इथलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडं आले आणि परतीचा रस्ता विसरले. पण मराठी सोबत घेऊन आले होते, ते तेवढं जपून ठेवलंय. इतकं जपलंय की वापरलेलंच दिसत नाही. सूनबाई मला ‘मामंजी’ म्हणते. हा शब्द मी माझ्या आजीच्या तोंडी ऐकला होता.

सुनील मला अण्णा म्हणतो. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. पहिल्याच दिवशी शेजारीणबाईंनी सूनबाईला हळूच विचारलं, तुझा दीर इतका कसा गं म्हातारा? तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या माझ्याकडं फार कीव येऊन बघायच्या. निदान मला तसं वाटायचं. तोंड काही दिसत नव्हतं.

सूनबाईचे वडील गोविंदराव शेजारच्याच गल्लीत राहतात. म्हणजे माझे व्याही. बँकेत कारकून होते, आता पेन्शनीत. पेन्शनीत माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला देव लागतो, कुणाला शेजारी. यांना पक्षी लागले होते. गळ्यात दुर्बीण, डोक्याला कानटोपी. डिसेंबरातल्या चेन्नईत कानटोपी. आमच्याकडं तेवढ्या थंडीत म्हशीसुद्धा पाण्यात बसतात.

“व्याहीबुवा, आपण पहाटे उठतां कीं नाहीं?” पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“गिरणीवाला कोंबड्याच्या आधी उठतो.”

“सेरी. मग उद्यां पांचास येतों. आपणांस पक्षी दाखवितों.”

‘सेरी’ म्हणजे बरं. यांचं बोलणं असंच. अर्धा माणूस दरबारात अर्ज घेऊन उभा आणि अर्धा चेन्नईच्या बसस्टॉपवर. मला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर सुनीलनं विचारलं असतं, का नाही? म्हणून म्हटलं, या.

पळ्ळिकरणै

स्कूटरवर मागं बसून गेलो. तो त्यांच्याकडचा मार्गळी महिना, आपला मार्गशीर्ष-पौष धरा. पहाटेच देवळांतून कर्णे सुरू होतात आणि बायका दारापुढं सडा घालून रांगोळी काढतात. त्याला कोलम म्हणतात. आमच्याकडं रांगोळी उंबऱ्यापाशी, पाटाएवढी. इथं ती रस्त्याच्या मध्यापर्यंत येते. वर शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं फूल. हे मला नंतर कळलं. कळलं ते असं की स्कूटरवरून उतरून मी सरळ एकीच्या रांगोळीतून चालत गेलो आणि फुलावर पाय दिला. ती बाई जे बोलली ते तमिळमध्ये होतं, पण भाषांतराची गरज नव्हती.

“अहो, दिसलें नाहीं काय?” गोविंदराव म्हणाले.

“रांगोळी काय रस्त्यावर काढतात? आमच्याकडं रस्ता चालायला असतो.”

ते स्कूटर लावायला वळले. मला वाटलं, जिंकलो.

पळ्ळिकरणैची दलदल म्हणजे शहरानं एका बाजूला कचरा टाकायला आणि दुसऱ्या बाजूला पक्षी बघायला ठेवलेली जागा आहे. कचरा रात्रंदिवस धुमसतो. त्या धुरात उभं राहून माणसं परदेशातून आलेल्या पाहुण्यांचं कौतुक करतात. पक्षीही कमाल. सैबेरियातून की कुठून निघायचं, हिमालय ओलांडायचा, आणि उतरायचं ते इथं. त्यांना कुणी पत्ता दिला देव जाणे.

गोविंदरावांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “पाहा, पाणकावळे. त्यापलीकडे रोहित. गुलाबी आहेत पाहा.”

मी दुर्बीण लावली. दुर्बीण फार चांगली होती. तिनं माझं धुकं अगदी जवळ आणून दाखवलं.

“वा,” मी म्हणालो.

ही युक्ती मला पुढं बरेच दिवस पुरली. दुर्बीण लावायची, मनात पाच आकडे म्हणायचे आणि वा म्हणायचं. मोठ्या पक्ष्याला दोनदा. मधेच टिटवी ओरडली की आपणच बोट दाखवायचं, “ती टिटवी,” कारण कान माझे शाबूत आहेत. खंड्या ओरडला की, “हा खंड्या.” गोविंदराव खूश व्हायचे. “आपली नजर तीक्ष्ण आहे,” असं एकदा म्हणाले. मी मान खाली घातली, नम्रपणानं.

बेसंट नगरचा किनारा

समुद्राचं सगळ्यांना पडलेलं असतं म्हणून लिहितो. पहाटे तिथं वाळूवर माणसंच माणसं. कुणी चालतंय, कुणी हात वर करून हसतंय. हसण्याचा व्यायाम असतो म्हणे. आमच्याकडं माणूस असा एकटा हसला तर भगताकडं नेतात. एक पोटवाला गृहस्थ उलटा चालत होता आणि माझ्या अंगावर आला. या खेपेला डोळे त्याचे चुकले, माझे नाही. हा त्या किनाऱ्यावरचा माझा एकमेव विजय.

लाटेच्या कडेनं काहीतरी बारीक बारीक पळत होतं. लाट आली की मागं, गेली की पुढं. मला उंदीर वाटले. गोविंदराव म्हणाले, “किती गोड पक्षी, नाहीं?” मी म्हणालो, “फार गोड.” उंदीर म्हणालो नाही, हे माझं नशीब. त्यांच्या मागं मागं जाताना एक लाट गुडघ्यापर्यंत आली. समुद्र ओला आहे हे मी तेव्हाच ठरवलं.

नंतर देवळातला पोंगल खाल्ला. द्रोणात गरमागरम. पोंगल म्हणजे आपली मुगाची खिचडी, पण तूप सढळ आणि मिरी आख्खी. मिरी दिसत नसल्यामुळं मला प्रत्येक घास नवा होता. कॉफी मात्र खरी. एक हात डोक्यावर, एक हात कमरेशी, असं वरून खाली ओततात आणि थेंब सांडत नाही. गोविंदरावांनी सांगितलं, सांबारसुद्धा मराठ्यांनीच तंजावरात शोधलं.

“मग आमच्याकडं कसं नाही?”

“आपणांस जमलें नाहीं,” ते म्हणाले. शांतपणे. मुलीकडचा माणूस मुलाकडच्याला असं बोलतो, हेही मी चेन्नईतच पाहिलं.

शोळिंगनल्लूरच्या मागं

सूनबाईच्या हापिसाची काचेची इमारत आहे, तिच्या मागच्या बाजूला शेतं, बाभळी आणि एक मोठं तळं. पुढच्या बाजूनं गेलं तर अमेरिका, मागच्या बाजूनं आपलं खेडं. एका रविवारी पहाटे आम्ही तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. माझ्या डोळ्यांना ती वेळ सगळ्यात वाईट. पाणी म्हणजे नुसता पत्र्याचा झळाळ, आणि त्यात काही काळे डाग.

गोविंदराव कुजबुजले, “पाहा, नामकोळी. दिसला ना?”

आता इथं नीट वाचा. कोळी म्हणजे कोण, हे मराठी माणसाला विचारायला लागत नाही. आणि कपाळावर उभा नाम ओढलेल्या माणसांबद्दल मी तिकडं गेल्यापासून ऐकत होतो. म्हणजे नाम लावलेला कोळी. सकाळची वेळ, तळं, कोळी असणारच. त्यात दिसलाच नाही म्हटलं तर संशय. मी दुर्बीण लावली, पाच आकडे म्हटले.

“दिसला की.”

“काय करितो?”

“जाळं घेऊन उभा आहे.”

गोविंदरावांनी नुसतं ‘हं’ केलं. मला वाटलं, वर्णन कमी पडलं.

“म्हातारा आहे. धोतर वर खोचलंय. गुडघाभर पाण्यात. आता फेकील जाळं. नाम मात्र ठसठशीत लावलाय हो, एवढ्या लांबून दिसतोय.”

“एकच आहे?” त्यांचा आवाज जरा वेगळा आला.

“दोघं आहेत. दुसरा मागं आहे, तो तरुण दिसतो.”

पाण्यावर कुठंतरी ‘कुक, कुक’ असा आवाज झाला. तो आवाज मी ओळखत होतो. आमच्या गावच्या तळ्यावर थंडीत येतात ते. चांदवे. काळे, कोंबडीएवढे, कपाळावर पांढरा चांद.

“व्याहीबुवा,” गोविंदराव म्हणाले, “तमिळांत कोळी म्हणजे कोंबडी. नामकोळी हा पक्षी आहे. काळा. कपाळीं पांढरा नाम. ते पाहा, वीस-पंचवीस पोहत आहेत.”

चांदवा म्हणाले असते तर मी पाठ करून आल्यासारखं वर्णन केलं असतं. पंखाचा रंग सांगितला असता. एका शब्दानं घात केला.

“मग जाळंवाला कोण?” मी म्हणालो. माघार घ्यायची सवय नाही.

“तेथें मनुष्य कोणीही नाहीं.”

“गेला असेल.”

“दोघेही?”

“त्यांची कामं असतात.”

ते हसले नाहीत. हसले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत ठेवली. मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी.

घरी इडल्या तयार होत्या. सुनीलला सुट्टी होती. सूनबाईनं विचारलं, “अप्पा, आज काय पाहिलंत?”

“नामकोळी,” गोविंदराव म्हणाले.

गिरणी, घर, गाव सगळं त्या माणसाच्या पुढच्या वाक्यावर टांगलेलं होतं, आणि तो चटणी वाढून घेत होता.

“मामंजींना दिसला?”

“व्याह्यांनीं जें पाहिलें तें मजलाही दिसलें नाहीं.”

सुनील म्हणाला, “बघा, या वयात अण्णांची नजर.” मी दुसरी इडली घेतली.

बांधावरून परत बांधावर

दुसऱ्या दिवशी पहाटे ते आले, पण स्कूटर सुरू करेनात. फाटकाशीच उभे राहिले.

“आपल्या गिरणीस पट्टा असतो ना?”

“असतो.”

“आपण धोतर नेसतां. एके दिवशीं पट्टा धोतर धरील. मग आपणांस.”

“तुम्ही बँकेतले. तुम्हाला पट्ट्यातलं काय कळतं?”

“कांहीं नाहीं. फुलावर पाय पडला तेव्हांच मजला कळलें होतें, पण व्याह्यांस कसें विचारावें?” मग ते म्हणाले, “सुनीलरावांस मी सांगणार नाहीं. आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे या. दिसूं लागल्यावर गिरणी विका असें कोणत्या तोंडानें म्हणतील?”

“आणि नाही आलो तर?”

“मी मुलीकडचा. आपणांस आज्ञा कशी करणार?” असं म्हणून त्या माणसानं कानटोपी काढली, रस्त्यात माझ्यापुढं हात जोडले आणि कमरेतून वाकला. “विनंती करितों.”

फाटकावरचा राखणदार बघत होता. दूधवाला थांबला. आता मुलीच्या बापानं चारचौघांत एवढं वाकून मागितलेलं मोडायचं म्हणजे लग्नातला रुसवा उकरून काढायचा. मुलाकडचा मान ज्यानं शोधून काढला त्याला तो कधी असा उलटा गळ्यात पडेल असं वाटलं नसेल. वर्षापूर्वी लग्नात मला मनासारखी शाल मिळाली नाही म्हणून मी जेवायला उशिरा बसलो होतो. ते यांच्या लक्षात होतं, हे त्या वाकण्यात मला कळलं.

“उठा,” मी म्हटलं. “लोक बघतायत.”

“आपणांस दिसतें काय?” ते म्हणाले.

डॉक्टर तरुण होता. भिंतीवरची अक्षरं वाचा म्हणाला. वरची इंग्रजी, खालची तमिळ. मला एकही वाचता आलं नाही, आणि त्यात मोतीबिंदू किती आणि चौथी किती, हे डॉक्टरलाही ठरवता येईना. शेवटी त्यानं बोटं दाखवली. तीन असताना मी चार म्हणालो. एक जास्तच सांगितलं, तरी नापास.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुनीलला सांगावं लागलं. ज्याची भीती होती तेच तो बोलला. “अण्णा, दोन वर्षं लपवलंत? बास झालं. गिरणी काढून टाका.” मी भिंतीकडं तोंड करून बसलो. गोविंदराव उभे राहिले आणि जावयाला म्हणाले, “उद्यां यांस दिसूं लागेल. डोळे नव्हते तेव्हां गिरणी चालली, आतां डोळे येतांना कां बंद करावी? पोदुम.” पोदुम म्हणजे पुरे. जावई गप्प बसला. माझ्या बोलण्यानं तो आजवर कधी गप्प बसला नव्हता. तमिळ शिकायला हवी होती.

पट्टी काढली तेव्हा समोर सुनील होता. कानांच्या वर त्याचे केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो तर तो म्हणाला, “काय झालं, दिसत नाही का?” म्हटलं, दिसतंय. जास्तच दिसतंय.

गोविंदराव मला वाटले होते त्यापेक्षा खूप काळे निघाले. आवाजावरून गोरे वाटायचे.

निघायच्या आधी, डॉक्टरनं परवानगी दिल्यावर, काळा चष्मा घालून मी पुन्हा त्यांच्या स्कूटरवर बसलो. या वेळी सगळ्या रांगोळ्या ओलांडून गेलो. तळ्यावर तेच ऊन. पण आता पाणी पाणी होतं, आणि त्यावर चांदवे. काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा, लाल डोळा. बुडी मारून शेवाळ काढतात आणि एकमेकांचं पळवतात. पलीकडं काचेच्या इमारतीत दिवे लागलेले. एवढ्याशा पक्ष्यासाठी माणसाचा डोळा फाडावा लागला. पण बघत बसलो, ते खरं.

“आतां दिसले?” गोविंदराव म्हणाले.

“एकोणीस आहेत. तुम्ही पंचवीस म्हणाला होतात.”

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक माणूस उतरला. खांद्यावर जाळं. म्हातारा. धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरला, आणि जाळं झटकताना आमच्याकडं वळला. कपाळावर नाम. ठसठशीत. चांदवे उडाले नाहीत, नुसते जरा सरकले, रोजची ओळख असल्यासारखे.

गोविंदरावांनी दुर्बीण लावली, काढली, काचा पुसल्या, परत लावली.

“व्याहीबुवा,” ते हळूच म्हणाले, “हा कोण?”

“नामकोळी,” मी म्हणालो. “मागच्या खेपेला तुम्हाला दिसला नव्हता. दुसरा तरुण आहे, तो उशिरा येतो.”

ते बघतच राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “एकदा डोळे दाखवून घ्या. डॉक्टर ओळखीचा आहे. विनंती करतो.”